तिन्हीसांजेचे रडे आणि रात्रीचा क्रम

दीड महिन्याचे बाळ दिवसभर शहाण्यासारखे झोपते आणि दिवेलागणीला जे रडायला लागते ते नऊ-दहा वाजेपर्यंत थांबत नाही, ही तक्रार बालरोगतज्ज्ञांना नवी नाही. घरातली स्पष्टीकरणेही ठरलेली असतात. दृष्ट लागली, पोट फुगले, आईने वातूळ खाल्ले, अंगावरचे दूध पुरत नाही. अलीकडे त्यांत एकाची भर पडली आहे, ती म्हणजे बाळाला ‘रूटीन’ लावलेले नाही. संध्याकाळी आंघोळ, मग मालीश, दूध, अंगाई आणि आठ वाजता दिवा बंद, एवढे नेमाने केले की बाळ रात्रभर झोपते, असे सांगणारी पुस्तके, अ‍ॅप आणि शुल्क घेणारे झोपसल्लागार आता आपल्याकडच्या शहरांतही आहेत. दृष्टीचे खापर निदान शेजारणीवर फोडता येत होते. रूटीनचे खापर थेट आईवर फुटते. म्हणून या सल्ल्यामागे पुरावा किती, तो कोणत्या वयाच्या बाळांचा आणि त्यातून नेमके काय सिद्ध होते, हे एकदा नीट तपासायला हवे. तपासल्यावर हाती लागते ते थोडक्यात असे, की संध्याकाळचा ठरावीक क्रम उपयोगाचा आहे, पण पहिल्या तीन-चार महिन्यांत तो बाळाला लावायचा नसतो, घराला लावायचा असतो.

सुरुवात शरीरापासून करू. नवजात बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपते, पण ही झोप दिवस-रात्र पाहून येत नाही. ती तुकड्यातुकड्यांनी येते आणि भुकेने मोडते. मोठ्या माणसाच्या मेंदूत दिवस-रात्रीचे जे घड्याळ चालते, ते बाळाच्या मेंदूत जन्मतः असते, पण त्याचे काटे अजून जुळलेले नसतात. अंधार पडल्यावर स्रवणाऱ्या मेलॅटोनिन या संप्रेरकाची रोजची लय पूर्ण दिवसांच्या बाळांमध्ये साधारण नवव्या ते बाराव्या आठवड्यात दिसू लागते, असे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवले. तोवर बाळाला रात्रीची खूण बाहेरून मिळते. त्यातली एक खूण खुद्द आईच्या दुधात असते. रात्रीच्या दुधात मेलॅटोनिन सापडते, दिवसाच्या दुधात ते जवळपास नसते. दुसरी खूण उजेडाची. इंग्लंडमध्ये यव्होन हॅरिसन यांनी सहा, नऊ आणि बारा आठवड्यांच्या बाळांवर केलेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रात्री चांगली झोपणाऱ्या बाळांच्या वाट्याला दुपारी बारा ते चार या वेळात अधिक उजेड आलेला आढळला. हा संबंध आहे, कार्यकारणाचा पक्का पुरावा नव्हे. पण शरीरशास्त्राशी तो जुळतो आणि एक साधी गोष्ट सुचवतो. रात्रीच्या झोपेची तयारी संध्याकाळी सात वाजता सुरू होत नाही, ती दुपारी सुरू होते. बाळंतिणीची खोली दिवसा पडदे ओढून अंधारी ठेवायची आणि रात्री बारालाही ट्यूबलाइट जळत ठेवायची, ही आपल्या अनेक घरांतली पद्धत या घड्याळाला नेमकी उलटी चावी देते.

आता रडण्याविषयी. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये ८० निरोगी बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. रडणे दुसऱ्या आठवड्यानंतर वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला पावणेतीन तासांपर्यंत पोचते आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत ओसरते. त्यातला मोठा वाटा संध्याकाळचा असतो. ही पाश्चात्त्य संगोपनाची देणगी असेल, अशी शंका साहजिक होती. तिचा निकाल कलाहारी वाळवंटातील कुंग सान लोकांच्या बाळांनी लावला. तिथे बाळ जवळजवळ सतत आईच्या अंगाशी असते आणि तासाला अनेकदा अंगावर पिते. रोनाल्ड बार आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवले की ही बाळे एकूण बरीच कमी रडतात, पण रडण्याचा चढ-उतार त्यांच्यातही त्याच वयात येतो. इयान सेंट जेम्स-रॉबर्ट्स यांच्या गटाने २००६ मध्ये लंडन व कोपनहेगनमधील पालक आणि बाळाला सतत अंगाशी ठेवणारे पालक यांची तुलना केली. पहिल्या आठवड्यांत लंडनची बाळे अंगाशी असलेल्या बाळांपेक्षा सुमारे दीडपट रडली. पण काही केल्या न थांबणारे जे रडे असते, त्याचे प्रसंग तिन्ही गटांत सारखेच निघाले. म्हणजे जवळ घेण्याने किरकिर कमी होते, पण तिन्हीसांजेचे ते हट्टी रडे वाढीचाच एक टप्पा आहे. कोणताही क्रम लावून तो टप्पा वगळता येत नाही, आणि क्रम लावला नाही म्हणून तो उद्भवतही नाही. ताप, उलट्या, शौचातून रक्त, दूध न ओढणे किंवा वजन न वाढणे यांपैकी काही सोबत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा संध्याकाळ सरण्याची वाट न पाहता डॉक्टरकडे जावे.

मग रूटीनच्या बाजूने पुरावा आहे तरी काय? सर्वाधिक उल्लेख होतो तो अमेरिकेतील झोपतज्ज्ञ जोडी मिंडेल आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या प्रयोगाचा. त्यात सात महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांच्या ४०५ माता होत्या. पहिला आठवडा नेहमीसारखा गेला. पुढचे दोन आठवडे काही मातांनी रोज रात्री आंघोळ, मालीश किंवा लोशन, मग शांतपणे कुशीत घेणे वा गाणे आणि आंघोळीनंतर अर्ध्या तासात दिवा बंद, असा क्रम पाळला. मुले लवकर झोपली, रात्री कमी उठली आणि मातांचे चित्तही सुधारले. त्याच गटाने २०१५ मध्ये वेगवेगळ्या देशांतील १०,०८५ मातांच्या माहितीवरून दाखवले, की क्रम जितका नियमित आणि जितक्या लवकरच्या वयात सुरू झालेला, तितकी झोप चांगली. यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला म्हणजे २००९ च्या प्रयोगाला लहान मुलांचे साबण-लोशन विकणाऱ्या कंपनीचे पाठबळ होते. त्यामुळे निष्कर्ष आपोआप खोटा ठरत नाही, पण फायदा आंघोळीचा, लोशनचा की क्रमाचा, हे त्यातून वेगळे काढता येत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्या प्रयोगातले सर्वांत लहान मूल सात महिन्यांचे होते. सात महिन्यांच्या मुलाला ‘आता हे झाले की ते’ असे अंदाज बांधता येतात, त्याचे घड्याळ जुळलेले असते. तोच निष्कर्ष सहा आठवड्यांच्या बाळाला लावणे म्हणजे पहिलीच्या पुस्तकाने बालवाडी तपासण्यासारखे आहे. २०१५ ची पाहणीही संबंध दाखवते, कारण नव्हे. जे मूल मुळात लवकर झोपते त्याच्या घरी क्रम पाळणे सोपे जाते, ही शक्यता तिथे उरतेच.

इथे कुणी म्हणेल, की पुरावा नसेल तर पहिल्या महिन्यांत क्रमाची गरजच काय? गरज आहे, पण तिचे कारण निराळे आहे. आईच्या चित्ताविषयीचा तो निष्कर्ष बहुतेक सारांशांत शेवटच्या ओळीत ढकललेला असतो. खरे तर तो वर आणायला हवा. भारतातील ३८ अभ्यासांतील २०,०४३ मातांची माहिती एकत्र करून २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या विश्लेषणात प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे प्रमाण २२ टक्के निघाले. तुटलेली झोप आणि न थांबणारे रडे हा त्या ओझ्याचा मोठा भाग असतो. अशा घरात संध्याकाळी काय, कुणी आणि कशामागून करायचे हे ठरलेले असणे म्हणजे रोज नव्याने निर्णय घेण्यातून सुटका. बाळ त्या क्रमाला आठवड्याभरात दाद देणार नाही. पण अंधारलेली खोली, खालावलेला आवाज आणि त्याच हातांचा तोच स्पर्श या खुणा गोळा करत करत ते तिसऱ्या-चौथ्या महिन्यात त्या क्रमात आपसूक येऊन बसते. तोवर त्या क्रमावर घरातली मोठी माणसे चालतात.

आपल्या परंपरेत हा क्रम नव्हता, असे समजण्याचे कारण नाही. दिवेलागणीला देवापाशी दिवा, बाळाला तिन्हीसांजेचे बाहेर न नेणे, मीठ-मोहरीने दृष्ट काढणे, धुरी, पदराआड पाजणे, पाळण्याची दोरी आणि अंगाई, हा पिढ्यांचा अनुक्रमच आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे तेल लावून न्हाऊ घालणे बहुधा सकाळचे, आणि पाश्चात्त्य क्रमात आंघोळ रात्रीची. ती रात्री नेण्याची काहीच निकड नाही. संध्याकाळी कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ फडक्याने अंग पुसून कोरडे झबले घातले तरी खूण तीच. मात्र परंपरेचा प्रत्येक घटक स्वतंत्रपणे तपासावा लागतो, सगळी मोट एकत्र उचलून किंवा टाकून चालत नाही. मालीश त्या तपासणीत चांगली उतरते. के. एन. अगरवाल आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये १२५ भारतीय बाळांवर चार आठवडे वेगवेगळ्या तेलांची मालीश करून पाहिली. तिळाच्या तेलाने वाढ चांगली झाली आणि मालीशीनंतरची झोपही लांबली. हात हलका हवा, हातपाय ओढायचे नाहीत, नाकाकानांत तेल सोडायचे नाही, हे पथ्य सांभाळले की झाले. धुरीचे तसे नाही. तिला काश्यपसंहितेतील धूपकल्पापर्यंत जुना आधार आहे आणि ओवा, वेखंड, बाळंतशेपांचा वास बाळंतघराची ओळखच आहे. पण बंद खोलीतला कोणताही धूर तान्ह्या फुप्फुसांना घातक असतो आणि घरातल्या धुराचा बालकांच्या न्यूमोनियाशी असलेला संबंध पक्का आहे. शेगडीवरची धुरी त्याला अपवाद नाही. दृष्ट काढायची असेल तर काढावी, त्या मिनिटभरात निदान कुणीतरी बाळाकडे टक लावून पाहते. मोहरी मात्र बाळाजवळ जाळू नये.

झोपेसाठी काही पाजण्याची प्रथा मात्र निखालस धोक्याची. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बायका पाळीवर जाताना मुलांना अफूमिश्रित गोळ्या देत, कारण खोलीत त्यांना सांभाळायला कुणी नसे. १९३१ च्या व्हिटली आयोगाच्या अहवालानेही या प्रथेची दखल घेतली. त्या मातांना अडाणी म्हणणे सोपे आहे. त्यांना पाळणाघर नव्हते हे म्हणणे अधिक खरे. आज अफू गेली, पण उगाळलेली गुटी, मधाचे बोट आणि ग्राइप वॉटर ही चाटण-पाजण चालूच आहे. विल्यम वुडवर्ड यांनी १८५१ मध्ये इंग्लंडात बाजारात आणलेल्या ग्राइप वॉटरमध्ये पूर्वी मद्यार्क असे, यातच त्याच्या ख्यातीचा काही उलगडा होतो. मधातून बोट्युलिझमचे जंतू जाण्याचा धोका असल्याने वर्षाखालील बाळाला तो देऊच नये. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस रात्री आठनंतर सैल होत नाही.

झोपवायचे कुठे आणि कसे, हा प्रश्न क्रमाइतकाच महत्त्वाचा आहे, आणि इथला पुरावा सर्वांत भक्कम आहे. बाळाला दर झोपेला उताणे झोपवा, अशी मोहीम अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतल्या अचानक मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. अमेरिकी बालरोग संघटनेची २०२२ ची शिफारस सांगते, की बाळ आईवडिलांच्याच खोलीत पण वेगळ्या, सपाट आणि टणक अंथरुणावर असावे. उशी, लोड, मऊ गोधड्या, खेळणी यांपैकी काही जवळ नसावे. डोके गोल व्हावे म्हणून ठेवतात ती राईची उशी या निकषावर बसत नाही. झोळीत बाळ वाकून हनुवटी छातीला टेकते, म्हणून नजरेआड तीत रात्रभर ठेवू नये. सपाट तळाचा पाळणा बरा. दुपट्यात गुंडाळल्याने तान्हे शांत होते हे खरे, पण पाय सरळ ताणून घट्ट बांधले तर खुब्याच्या सांध्याला अपाय होतो, आणि कूस बदलण्याची चिन्हे दिसताच गुंडाळणे बंद करावे लागते. आपल्याकडे माय-लेकरू एकाच अंथरुणावर झोपतात, त्याचे काय, हा आक्षेप इथे हमखास येतो. जमिनीवरच्या टणक गादीवर, धूम्रपान-मद्यपान न करणाऱ्या, अंगावर पाजणाऱ्या आईशेजारी झोपणे आणि सोफ्यावर थकून बाळासह डोळा लागणे यांत धोक्याचे अंतर फार मोठे आहे. वेगळे अंथरूण सर्वांत सुरक्षित; ते शक्य नसेल तर निदान बाळ दोन मोठ्या माणसांच्या मध्ये आणि एका पांघरुणात नको.

शांत करण्याच्या युक्त्यांमध्ये आजीचे शहाणपण प्रयोगशाळेतही टिकले आहे. जपानच्या रिकेन संस्थेतील कुमी कुरोदा यांच्या गटाने २०२२ मध्ये २१ बाळांच्या निरीक्षणातून सांगितले, की रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटे सलग चालावे आणि ते झोपल्यावर आणखी पाच ते आठ मिनिटे मांडीवर घेऊन बसावे, मग खाली ठेवावे. ठेवताक्षणी बाळ जागे होते ही तक्रार बहुधा या मधल्या मिनिटांची घाई झाल्याने येते. अंगाईचेही तेच. हार्वर्डमधील संशोधकांनी २०२१ मध्ये अमेरिकी बाळांना अनोळखी भाषांतल्या अंगाया ऐकवल्या, तेव्हा इतर गाण्यांच्या तुलनेत त्यांच्या हृदयाची गती अधिक मंदावली. सूर गळ्याचा असावा एवढे पुरे, तो चांगला असण्याची अट नाही. मोबाइलवर लावलेले व्हिडिओ मात्र त्याची जागा घेत नाहीत. वर्षाखालील मुलांना पडदा नकोच, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट म्हटले आहे.

शिस्तीच्या बाजूचा आक्षेप असा, की एवढे लाड केले तर बाळ स्वतःहून झोपायला कधी शिकणार? रडू देऊन, थांबण्याचा अवधी थोडाथोडा वाढवत झोपवण्याची जी पद्धत रिचर्ड फर्बर यांच्या १९८५ च्या पुस्तकाने गाजली, तिच्यावर अभ्यास झाले आहेत. ऑस्ट्रेलियातील मायकेल ग्रॅडिसार यांच्या २०१६ च्या ४३ मुलांवरील प्रयोगात तिने मुले लवकर झोपली आणि वर्षभराने आईशी असलेल्या जवळिकीत उणेपणा दिसला नाही. पण ही मुले सहा ते सोळा महिन्यांची होती. पहिल्या सहा महिन्यांतल्या अशा उपायांचा डग्लस आणि हिल यांनी २०१३ मध्ये घेतलेला आढावा सांगतो, की त्यांनी आई वा बाळाचे भले झाल्याचे दिसत नाही. शिवाय ‘रात्रभर झोपणे’ हा मापदंडच तपासून पाहण्यासारखा आहे. कॅनडातील २०१८ च्या अभ्यासात सहा महिन्यांच्या ३८ टक्के बाळांना सलग सहा तास झोप नव्हती, वर्षाच्या २८ टक्क्यांनाही नव्हती, आणि त्यांच्या वाढीत काही खोट आढळली नाही. जे इतक्या निरोगी बाळांना जमत नाही, त्याला दोष म्हणता येत नाही.

शेवटचा आक्षेप घड्याळाचा. आठला दिवा बंद हा सल्ला न्यूझीलंडच्या घराला शोभतो. सतरा देश-प्रदेशांतील २९,२८७ मुलांच्या २०१० च्या पाहणीत तिथली मुले सरासरी साडेसातच्या आसपास झोपत, तर हाँगकाँगची सव्वादहाला. भारतही त्या पाहणीत होता आणि आशियातली मुले एकंदरीत उशिरा झोपणारी ठरली. दोन खोल्यांत सहा माणसे राहतात, वडील लोकलने नऊला घरी पोचतात, टीव्ही आणि कुकर एकाच भिंतीआड असतात, तिथे आठचा आग्रह फक्त अपराधीपणा देईल. पुरावाही घड्याळाचा नाही, अनुक्रमाचा आहे. नऊला सुरू होऊन पावणेदहाला संपणारा क्रम रोज तोच असेल तर तो चालतो. बाळ जसे मोठे होते तशी झोपेची वेळ हळूहळू अलीकडे आणता येते. घराने करायचे ते एवढेच, की त्या पाऊण तासात मोठा दिवा, टीव्ही आणि पाहुण्यांची हाताळणी बंद.

आणि हा पाऊण तास कुणाचा? कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्वाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, पण ती संघटित क्षेत्रातल्या थोड्या स्त्रियांना. वडिलांना तर केंद्र सरकारच्या नोकरीतही १५ दिवस. रूटीनचे सल्ले आईला उद्देशून लिहिले जातात, तेव्हा हा हिशेब ते गृहीतच धरतात. वास्तविक पाजणे सोडले तर या क्रमातले एकही काम आईनेच करावे असे नाही. अंग पुसणे, ढेकर काढणे, खांद्यावर घेऊन पाच मिनिटे येरझारा, मग मांडीवर आठ मिनिटे, हे बाप, आजोबा, काकू कुणालाही जमते. म्हणून रूटीन लागले का, असे आईला विचारण्याऐवजी सहाव्या आठवड्यातल्या कोणत्याही संध्याकाळी सात वाजता घरातल्या दुसऱ्या माणसाने हात पुढे करून बाळ घ्यावे आणि आईला तासभर झोपू द्यावे. क्रमाची सुरुवात तिथून होते.